जेत्यांची लेखणी आणि नगरचे डोंगरी लोक

मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअर-मालेतील अहमदनगर जिल्ह्याचा खंड, जो १८८४ साली जेम्स कॅम्बेल यांच्या संपादकत्वाखाली प्रसिद्ध झाला, तो आम्ही नुकताच पुन्हा एकवार वाचून काढला. जिल्ह्यास २०२४ पासून अहिल्यानगर हे नाव प्राप्त झाले आहे. परंतु त्याच्या पूर्वस्थितीविषयी काही लिहावयाचे झाल्यास लेखकास आजही प्रथम याच ग्रंथाकडे वळावे लागते. ग्रंथ मोठ्या मेहनतीचा आहे हे निर्विवाद होय. पिके, बाजार, सारा, व्याजाचे दर, घाटवाटा, देवळे, जातीजातींचे विधी, यांपैकी कशाचीही माहिती हवी असो, ती येथे व्यवस्थित लावून ठेवलेली सापडते. अशा ग्रंथाचे परीक्षण करण्यास एकशे चाळीस वर्षांनंतर बसण्याचे कारण काय, असे वाचकांपैकी कोणी विचारील. कारण इतकेच की, ज्या राज्यासाठी हा ग्रंथ लिहिला गेला ते राज्य १९४७ साली गेले, पण त्यातील निवाडे अद्यापि गेलेले नाहीत. अकोले तालुक्यातील महादेव कोळी व ठाकर, राहुरी-नेवाशाकडील भिल्ल आणि पालावर राहणारे फासेपारधी यांच्याविषयी आपण सुशिक्षित लोक जे मनात बाळगतो, त्यापैकी पुष्कळसे आपल्या अनुभवाचे नसून अशाच कागदांतून उतरलेले असते. हे कागद कसे तयार झाले, याचा थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

गॅझेटिअरकारांनी कोळ्यांविषयीचा मजकूर बहुतांशी कॅप्टन अलेक्झांडर मॅकिन्टॉश यांच्यापासून घेतला. हे गृहस्थ नगरच्या पोलीस दलाचे अधिकारी होते. रामोशांवर त्यांचे पुस्तक १८३३ साली निघाले, आणि महादेव कोळ्यांवरील विस्तृत निबंध त्यानंतर थोड्याच वर्षांनी मुंबईच्या भूगोल-संस्थेच्या नियतकालिकात आला. म्हणजे या लोकांचा पहिला इंग्रज चरित्रकार हा त्यांना पकडण्यासाठी नेमलेला अधिकारी होता. यावरून त्याचे लिहिणे खोटे ठरते असे आम्ही म्हणत नाही. उलट त्याची दृष्टी तीक्ष्ण होती आणि पुष्कळ ठिकाणी मनही उदार होते. परंतु ज्यास माणसे पकडावयाची आहेत तो त्यांच्या वाटा, सोयरिकी आणि लपण्याच्या जागा यांकडे जितक्या बारकाईने पाहतो, तितक्या बारकाईने त्यांच्या तक्रारींकडे पाहत नाही. आणि हा फरक निबंधभर जाणवत राहतो.

गंमत अशी की, या निबंधातच त्याच्या निष्कर्षाविरुद्ध पुरावा भरलेला आहे. कोळ्यांच्या 'गोतरणी' नावाच्या पंचायतीचे वर्णन मॅकिन्टॉशने केले आहे. तीत सहा अधिकारी असत. अध्यक्ष, त्याचा सहायक, बोलावणे पोचविणारा, असे एकेकाचे काम ठरलेले असे. शेवटच्या दोघांस हाडक्या व मडक्या अशी नावे होती: पंचायतीने ज्यास वाळीत टाकले त्याच्या दारास हाड बांधावयाचे, आणि त्याच्या घरातील मडकी उचलावयाची, अशी ही कामे. अपराधी शरण आला की त्यास दंड करून पुन्हा गोतात घेत. ज्या समाजात न्याय करण्याची, शिक्षा देण्याची आणि शिक्षेनंतर माणसास परत घेण्याची अशी नेमस्त रीत आहे, त्यास बेबंद लुटारूंचा जमाव कसे म्हणता येईल? लेखकास हा प्रश्न पडला नाही. त्याने पंचायत एका प्रकरणात घातली, दरोडे दुसऱ्यात घातले, आणि दोहोंची गाठ पडू दिली नाही. गॅझेटिअरनेही तोच क्रम पुढे चालविला.

आता दरोड्यांचे पाहू. सह्याद्रीतील किल्ले, घाट आणि माळवे यांची राखण हा कोळी नाईकांचा पिढीजात व्यवसाय होता. तो सुखाने चाले असे नव्हे. मोगलांनी त्यांची बंडे किती क्रूरपणे मोडली याची आठवण शिवनेरीवरील कोळी चौथरा आजही देतो. पेशव्यांशीही त्यांचे वारंवार बिनसे. परंतु पेशवाईत जव्हारीचे दिवस काढलेला जावजी बांबळे शरण आल्यावर त्याच्याकडे पुन्हा डोंगरी मुलखाचा अधिकार सोपविण्यात आला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. बंडखोर हा तेव्हा समेट करण्याजोगा मनुष्य होता. १८०३ च्या ऑगस्टात वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला आणि १८१८ साली जिल्हा कंपनी सरकारकडे आला. किल्ले निकामी झाले, शिबंदी सुटली, नेमणुका कमी झाल्या. ज्याचे काम राखण करण्याचे, त्यास राखण्याजोगे काही उरले नाही. १८२८ ते १८३० या काळात रामजी भांगरे यांच्या पुढारीपणाखाली कोळी उठले, ते या परिस्थितीत.

पुढे १८४५ च्या सुमारास अकोले तालुक्यातील देवगावचे राघोजी भांगरे उठले. त्यांचा रोख मुख्यतः सावकारांवर होता. कर्जाच्या खतांखाली कोळ्यांच्या जमिनी जात होत्या. राघोजींच्या लोकांनी सावकार लुटले, कित्येकांची नाके कापली. १८४८ च्या जानेवारीत ते पंढरपुरास पकडले गेले व त्याच वर्षी २ मे रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली. नाके कापणे हे क्रूर कृत्य होय. ते आम्ही झाकून ठेवू इच्छीत नाही. परंतु याच्या शेजारी याच जिल्ह्यातील दुसरी एक हकीकत ठेवून पाहावी. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली. ती लाट पारनेर-श्रीगोंद्याकडे पसरली, आणि ठिकठिकाणी कर्जरोखे जाळण्यात आले. त्या प्रकारास 'दंगा' म्हटले गेले. सरकारने चौकशीसाठी कमिशन नेमले, शेतकऱ्याच्या कर्जाची कारणे शोधली, आणि १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. कुणब्याने सावकाराचा कागद जाळला तेव्हा त्यामागे कारण असले पाहिजे असे सरकारास वाटले. कोळ्याने तेच केले तेव्हा त्यामागे केवळ स्वभाव आहे असे वाटले. एकाच ग्रंथात या दोन हकीकती दोन निराळ्या सदरांखाली आल्या आहेत. एक अर्थकारणात गेली, दुसरी गुन्ह्यांत. आमच्या मते या ग्रंथाचा सर्वांत मोठा दोष हाच: त्याने काही लोकांस इतिहास दिला व काही लोकांस केवळ स्वभाव दिला.

आणि हा स्वभावही सरकारच्या गरजेप्रमाणे बदलत असे. १८५७ च्या ऑक्टोबरात नांदूर-शिंगोटे येथे भागोजी नाईक यांच्या नेतृत्वाखाली भिल्ल उठले आणि हेन्री नावाचा पोलीस अधिकारी मारला गेला. भागोजी पूर्वी नगरच्या पोलिसांतच नोकरीस होते. त्यांच्याशी लढण्यासाठी कॅप्टन नटॉल यांच्या हाताखाली सुमारे सहाशे कोळ्यांचे दल उभारले गेले. कालचे दरोडेखोर आज चपळ, काटक व इमानी शिपाई ठरले. १८६१ साली गरज सरली, दल मोडले, आणि शिपाई पुन्हा डोंगरात गेले.

येथे आम्हांस नगरपासून फार दूरच्या एका प्रदेशाची आठवण होते. स्पेनच्या कोर्तेसने १५१९ ते १५२१ मध्ये मेक्सिको जिंकले ते मूठभर स्पॅनिश शिपायांच्या बळावर नव्हे. त्लाश्काला येथील हजारो मूळ रहिवासी त्याच्या बाजूने लढले. विजयानंतर त्यांच्याही वाट्यास खंडणी आली, आणि आपण केलेल्या उपकारांची आठवण स्पेनच्या राजास करून देण्यासाठी त्यांना चित्रपट रंगवावे लागले. या दोन गोष्टी सर्वांशी सारख्या आहेत असे कोणी समजू नये. अमेरिकेत देवीसारख्या रोगांनी आणि सक्तीच्या श्रमाने लोकसंख्येचा जो भयंकर संहार झाला, तसा सह्याद्रीत झाला नाही; तेथे धर्म व भाषा ज्या प्रमाणात बदलल्या तशा येथे बदलल्या नाहीत. परंतु जेत्यांनी जितांविषयी लिहून ठेवण्याची रीत दोन्हीकडे विलक्षण सारखी आहे, आणि स्पॅनिश लोकांच्या बाबतीत तिची छाननी पुष्कळ झाली असल्यामुळे तिचा आपल्यास उपयोग होतो.

त्या लोकांस मिळालेले नावच मुळी चुकीचे. १४९२ साली कोलंबस निघाला होता आपल्या देशाच्या शोधात. पोचला भलतीकडे, आणि तेथील माणसांस त्याने आपले नाव देऊन टाकले. चूक लवकरच उघडकीस आली, पण नाव शतकानुशतके राहिले. १५१३ साली स्पेनच्या दरबाराने एक जाहीरनामा तयार केला. कोणत्याही गावावर चालून जाण्यापूर्वी तो स्पॅनिश भाषेत वाचून दाखवावयाचा: राजाची सत्ता मान्य करा, न कराल तर जे घडेल त्याचा दोष तुमचा. ऐकणारांस एक अक्षर कळत नसे. पण वाचन झाले की कायद्याचे समाधान होई. आपणांस हे हास्यास्पद वाटते. परंतु १८७८ च्या जंगल कायद्याने सह्याद्रीतील राने राखीव ठरली तेव्हा तरी निराळे काय झाले? जाहीरनामा निघाला, हक्क सांगण्यास मुदत मिळाली, आणि ज्यांना वाचता येत नव्हते त्यांनी मुदतीत हक्क सांगितला नाही म्हणून तो बुडाला. नागली-वरईच्या रोपांसाठी राब भाजणारा, हिरडा गोळा करणारा, गुरे चारणारा मनुष्य आपल्याच रानात चोर ठरला. 'अतिक्रमण' हा शब्द तेव्हापासून त्याच्या पाठीस लागला आहे.

युकातानमध्ये दिएगो दे लांदा नावाच्या पाद्र्याने १५६२ साली माया लोकांच्या पोथ्या जाळल्या. त्याच लांदाने पुढे त्या लोकांच्या चालीरीतींवर एक ग्रंथ लिहिला. आणि दैवयोग असा की, माया लिपी वाचण्याची वाट १९५२ साली रशियन पंडित क्नोरोझोव यांस सापडली ती लांदाने टिपून ठेवलेल्या अक्षरांच्या आधारे. ज्या हाताने नाश केला त्याच हाताने किल्ली ठेवली. म्हणून अशा ग्रंथांचा धिक्कार करून ते फेकून देणे हा मार्ग आम्हांस मान्य नाही. मॅकिन्टॉश नसता तर हाडक्या-मडक्यांची ही पंचायत आज आपणांस कितीशी कळली असती? किल्ली घ्यावी, मात्र ती ठेवणाऱ्याचा निवाडा तिच्याबरोबर घेऊ नये.

स्पॅनिश सत्तेचा परिणाम किती काळ टिकतो याचा अंदाज घेण्याचा एक शास्त्रीय प्रयत्न येथे सांगण्यासारखा आहे. पोतोसीच्या चांदीच्या व वांकाव्हेलिकाच्या पाऱ्याच्या खाणींसाठी पेरूमधील ठरावीक गावांवर 'मिता' नावाची वेठ बसविण्यात आली होती. गावातील प्रौढ पुरुषांपैकी सातवा हिस्सा खाणीत जावयाचा. ही पद्धत १५७३ ते १८१२ पर्यंत चालली. मेलिसा डेल या अर्थशास्त्रज्ञ विदुषीने २०१० साली दाखवून दिले की, त्या वेठीच्या हद्दीतील कुटुंबांचा खर्च हद्दीबाहेरील शेजाऱ्यांपेक्षा आजही सुमारे पंचवीस टक्क्यांनी कमी आहे. वेठ बंद होऊन दोनशे वर्षे लोटली. नकाशावरची रेघ पुसली गेली. तिच्या आतले दारिद्र्य मात्र राहिले.

अकोल्याच्या डोंगरांसाठी असे मोजमाप आमच्यापुढे नाही. परंतु डोळ्यांस दिसते ते सांगतो. प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि त्यास गव्हर्नर विल्सन यांचे नाव देण्यात आले. खोऱ्यातील जमीन पाण्याखाली गेली. पाणी कालव्यांनी खालच्या सपाट मुलखात गेले. तेथे ऊस पिकला, आणि १९५० साली लोणीस सहकारी साखर कारखाना निघाला, ज्याचा महाराष्ट्रास योग्य अभिमान आहे. तो शेतकऱ्यांनी स्वतःच्या कष्टाने उभारला हे आम्ही विसरत नाही. परंतु ज्या घाटमाथ्यावर पावसाळ्यात धारा खंडत नाहीत, तेथल्याच कित्येक वाड्यांवर उन्हाळ्यात बाया हंडे घेऊन पाण्यासाठी पायपीट करतात, आणि त्यांचे पुरुष मजुरीसाठी खाली उतरतात. हे सर्व इंग्रजांनी केले असे म्हणून आपणांस सुटता येणार नाही. धरण त्यांनी बांधले. पाण्याची वाटणी १९४७ नंतर आपल्या हाती होती.

येथे कोणी म्हणेल की, इंग्रजांनी जे लिहिले ते पदरचे नव्हते. त्यांना माहिती देणारे आपलेच कारकून, पाटील व शास्त्री होते. हा आक्षेप खरा आहे, आणि तो आमच्या म्हणण्यास बळकटीच आणतो. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला, १९११ साली तो मुंबई इलाख्यासही लागू करण्याची सोय झाली. या कायद्याप्रमाणे मनुष्य काय करतो यावरून नव्हे, तर कोणाच्या पोटी जन्मला यावरून त्यास गुन्हेगार मानता येई. त्याने पोलिसांकडे हजेरी द्यावी, परवान्यावाचून गाव सोडू नये. इंग्लंडातून आलेल्या अधिकाऱ्यांस ही कल्पना इतकी सहज का सुचली, आणि आपल्यास ती इतकी सहज का पटली? जन्मावरून माणसाची लायकी ठरविण्याचा अभ्यास आपल्यास हजारो वर्षांचा होता. परकीयांनी कायदा आणला; त्यास लागणारी समजूत आपल्या घरात तयार होती. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. परंतु गावात चोरी झाली की प्रथम पारध्यांच्या पालाकडे पाहावे ही सवय कोणत्या कायद्याने रद्द व्हावयाची?

याच्याशी वाङ्मयाचा संबंध काय, असे विचारणाऱ्यास आम्ही आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्या पुन्हा चाळण्यास सांगू. त्यांत कोळी बहुधा वाट दाखविण्यापुरता येतो आणि भिल्ल झाडीतून बाण सोडण्यापुरता. दोघांस घर नाही, बायकोपोरे नाहीत, मत तर नाहीच. गॅझेटिअरमध्ये त्यांना निदान चालीरीती तरी होत्या.

पेरूमध्ये फेलिपे गुआमान पोमा नावाच्या एका देशी मनुष्याने १६१५ च्या सुमारास स्पेनच्या राजास सुमारे बाराशे पानांचे, स्वतः काढलेल्या चित्रांनी भरलेले पत्र लिहिले. आमचा देश असा होता, तुमच्या लोकांनी त्याचे असे केले, हे त्याने आपल्या वाकड्यातिकड्या स्पॅनिशमध्ये मांडले. राजाने ते वाचले असे दिसत नाही. १९०८ साली ते कोपनहेगनच्या ग्रंथालयात सापडले, तेव्हा जितांची बाजू जितांच्या हातची म्हणून जगाने ते वाचले. आपल्याकडे अशी लेखणी फार उशिरा आली. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ साली निघाले. दोन्ही पुस्तके नगर जिल्ह्यातली नव्हेत, पण ज्यांच्यावर गुन्हेगारीचा शिक्का बसला होता अशा समाजांतून ती आली. सरकारी दप्तरात जी शिवी होती, ती गायकवाडांनी पुस्तकाचे नाव म्हणून वर लिहिली. महादेव कोळ्यांचा अभ्यास त्याच समाजातील डॉ. गोविंद गारे यांनी केला. या ग्रंथांचे स्वागत आपण केले, पारितोषिकेही दिली. परंतु ते 'अनुभव' म्हणून वाचले आणि गॅझेटिअर 'प्रमाण' म्हणून वाचत राहिलो. दोहोंस एकाच मेजावर ठेवून एकाने दुसऱ्यास प्रश्न विचारावेत, हे काम मराठी टीकेने अद्यापि केले नाही.

हे काम केवळ विद्वत्तेचे राहिलेले नाही. २००६ साली वनहक्कांचा जो कायदा झाला त्याच्या उद्देशिकेतच या लोकांवर इतिहासकाळी अन्याय झाल्याचे मान्य केले आहे. दावा सांगणाऱ्याने पुरावा कोणता द्यावा हे त्याच्या नियमांत सांगितले आहे, आणि तेथे गॅझेटिअरचे नाव स्पष्ट घातलेले आहे. तात्पर्य, ज्या ग्रंथाने रानातील मनुष्यास बेभरवशाचा ठरविले, त्याच ग्रंथाची साक्ष आज त्यास आपल्या शेताच्या तुकड्यासाठी काढावी लागते. सुदैवाने त्याच नियमांनी गावातील वृद्ध माणसांचे लेखी उतरवून घेतलेले निवेदनही पुरावा मानले आहे. जुन्या विहिरी, दफनभूमी, देवस्थाने हीसुद्धा साक्ष देऊ शकतात. सह्याद्रीच्या इतिहासात म्हाताऱ्याचे तोंड आणि साहेबाचा ग्रंथ यांना प्रथमच एका ओळीत बसविले गेले. परंतु दावा तपासणारा अधिकारी यांपैकी कोणावर अधिक विश्वास ठेवील, हे त्याने लहानपणी काय वाचले यावर अवलंबून राहणार. आणि ते वाचन पुरविण्याची जबाबदारी आपली, म्हणजे लिहिणारांची व शिकविणारांची आहे.

कागदावर न आलेले ज्ञान ज्ञानच नव्हे, असा ग्रह असणारांनी अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांचे उदाहरण ध्यानात घ्यावे. महादेव कोळी समाजातील ही बाई शाळेत गेली नाही. तिने गावरान बियाणे जपले, वाढविले, वाटले, आणि २०२० साली तिला पद्मश्री जाहीर झाली. गॅझेटिअरमध्ये पिकांची यादी उत्तम आहे. ते बी पिढ्यान् पिढ्या कोणी राखले हे मात्र त्यात नाही.

सारांश, नगरच्या या जुन्या ग्रंथाविषयी आमचे मत असे आहे. तो जपावा, वाचावा, विद्यार्थ्यांच्या हाती द्यावा. त्यातील आकडे घ्यावेत, वाटा घ्याव्यात, गोतरणीसारखी वर्णने तर कृतज्ञतेने घ्यावीत. परंतु जेथे एखाद्या समाजाचा 'स्वभाव' सांगितला असेल तेथे थांबावे, आणि हे लिहिणारा त्या दिवशी कोणत्या कामावर होता हे विचारावे. १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात राघोजींचा शेवट झाला तेव्हा त्यांच्याविषयी शेवटचा शब्द फाशी देणारांनी लिहिला. तो शब्द आपण इतकी वर्षे आपला म्हणून वापरला. आता तो ज्याचा त्यास परत करावा, एवढेच आमचे मागणे आहे.